बिनखिळ्याची भिंत

"हॅलो? … हॅलो, कोण? … मोठ्यानं बोल, इथे मशीन चालू आहे. … चिमे, तू? अगं, कामाच्या वेळेला फोन करू नकोस म्हणून कितीदा… रडू नकोस. आधी सांग, मग रड. काय झालं?"

थोरलीने हातातला कटर बंद करून कापडाच्या थप्पीवर आडवा ठेवला. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात कटिंगच्या टेबलापाशी फोन घ्यायला सक्त मनाई होती; पण धाकट्या बहिणीच्या आवाजात असे काही होते की ती टेबल सोडून सरळ दोऱ्यांच्या खोक्यांमागच्या खिडकीपाशी गेली आणि दुसऱ्या कानात तिने बोट घातले.

"पडले? अण्णा? … कुठून? … स्टुलावरून. कसे पडले, कुशीवर की पाठीवर? … पाठीवर. आणि वर काय पडलं म्हणालीस? … आतलं पार्टिशन. अख्खं? … अगं बाई. … उचललंत ना अंगावरून? … शुद्धीवर आहेत? … बोलतायत, बरं. पाय हलवतात का? … मला नको सांगूस, त्यांना विचार. … नाही हलत. … बरं. बरं. … अॅम्ब्युलन्स आली? कधीची? मग अजून घरात काय करताय तुम्ही?"

धाकटीने जे सांगितले, ते समजायला थोरलीला अर्धे वाक्य पुरे झाले असते. त्यांचे घर बोळाच्या पार आतल्या टोकाला. तो बोळ एके काळी सरळ होता. मग एकाने स्वयंपाकाचा ओटा पुढे काढला, दुसऱ्याने न्हाणी. तिसऱ्याच्या मुलाचे लग्न झाले तेव्हा त्याने चक्क एक खोलीच बाहेर आणली. आता घराच्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाला लगेच काटकोनात वळावे लागे आणि चार पावलांवर पुन्हा उलट्या बाजूला. माणूस वळतो. ज्या फळीवर माणूस पट्ट्यांनी बांधून आडवा ठेवलेला असतो, ती फळी वळत नाही.

"उभी करून? … नाही म्हणाले ना अॅम्ब्युलन्सवाले? मग नाहीच. मणक्याचं काम आहे, माळ्यावरच्या टेम्पोवाल्याला काय कळतंय त्यातलं. … खुर्चीवर बसवून पण नाही. … श्वास कसा आहे? … लागतोय म्हणजे कसा, जिना चढल्यासारखा की त्याहून जास्त? … त्याहून. … अगं ऐक ना. ऐक माझं. मागची भिंत काढा. … आपली मागची. भांड्यांच्या मांडणीमागची. … निघते. तुझं शिलाई मशीन कुठून आत आलं होतं, दारातून? ते लोखंडी कपाट? … आठवत नसेल, तू लहान होतीस. ती बिनखिळ्याची आहे."

वस्तीचा हा जुना रिवाज होता. दारे लहान, बोळ त्याहून अरुंद, आणि घरात कधी काय आणावे लागेल, घरातून कधी काय न्यावे लागेल याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक घराची एक भिंत बिनखिळ्याची ठेवायची. खाचांत बसवलेली, पाचरी ठोकून आवळलेली. पाचरी काढल्या की सुटणारी. थोरलीचे वडील सुतार. निम्म्या वस्तीच्या अशा भिंती त्यांच्या हातच्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या घराची बिनखिळ्याची भिंत मागच्या रुंद गल्लीवर उघडत असे. पुढे त्या मोकळ्या जागेत पंक्चरवाल्याने दुकान थाटले आणि तीच भिंत त्याच्या दुकानाची पाठ झाली. वेळ आली तर माझ्या दुकानातून न्या, असा शब्द त्याने दिला होता. त्यानंतर अण्णांनी माळा चढवला आणि त्याच्या तुळईचे एक टोक त्याच भिंतीच्या मधल्या तुकड्यावर टेकवले; माळ्यावर टेम्पोवाला बायको-पोरांसह भाड्याने राहू लागला. त्या वस्तीत जागा वाढते ती अशीच, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

"साहेब, वडील पडलेत. … हो, गठ्ठा संध्याकाळपर्यंत कापून देते. … तुला नाही गं, इथले सुपरवायझर. … तर भिंत तीन तुकड्यांची आहे. मधला तुकडा सुटतो. पण थांब, घाई करू नकोस, त्याच्या डोक्यावर माळ्याची तुळई आहे. आधी तुळईला टेकू द्यायचा, मग पाचरीला हात लावायचा. उलटं केलंस तर माळा खाली येईल. कळलं? काय कळलं, मला सांग. … बरोबर. … वर कोण आहे आत्ता? टेम्पोवाला तर खाली आलाय, बायको-पोरं? … वरच आहेत. टेम्पोवाल्याला फोन दे."

"भाऊ, नमस्कार. हो, मी थोरली. … बघितलं ना तुम्ही त्यांना? … हो. … तर भाऊ, बायको-पोरांना खाली आणा आणि बोळात उभं करा. … नाही, पडणार नाही माळा. … मी सांगते ना. तो बांधताना बॅटरी धरून मीच उभी होते. … लिहून देऊ? भाऊ, आधी माणसं खाली आणा, मग काय लिहून घ्यायचं ते घ्या. … गॅसचं सिलिंडर आणा. फ्रिज राहू दे. … भाऊ, फ्रिज राहू दे. … तुमच्या गाडीत जॅक असेल ना? तो पाहिजे. आणि मालाला अडसर म्हणून मागे लाकडी वासा लावता, तो. … हो, तोच जाड. … उपकार झाले. चिमीला द्या."

धाकटी पुन्हा फोनवर आली, आणि तिच्या मागे भांडी उतरवल्याचा खणखणाट. थोरलीला ती खोली आत्ता डोळ्यांसमोर उभी केल्यासारखी दिसत होती. दिवसा त्या खोलीत धाकटीचे शिवणकाम चाले, तेव्हा पार्टिशन खिडकीकडे सरकलेले. रात्री अंथरुणे पडत, तेव्हा ते दाराकडे. आई आजारी होती तेव्हा अण्णांनी तेच पार्टिशन आडवे करून तिच्यासाठी वेगळा कोनाडा काढला होता. ती गेल्यावर पुन्हा सरळ केले. आतले सगळे हलते ठेवणारा माणूस आता फळीला बांधून हलता येणार नाही असा पडलेला, ही गोष्ट तिच्या डोक्यात काही केल्या बसत नव्हती.

"मांडणी बाजूला घेतलीस? … मग आता खाली बघ, जमिनीलगत. लाकडाची दोन टोकं बाहेर आलेली दिसतील. … रंगाखाली असतील, नखानं खरवड. … दिसली? त्या पाचरी. हात नको लावूस अजून. … पंक्चरवाल्याचं शटर उघडं आहे का? कुणाला तरी बघायला सांग. … बंद? … जेवायला घरी जातो का तो. मग माणूस पाठव त्याच्या घरी. … भांडण असू दे. … बोलत नाहीत म्हणून काय, निरोप तर ऐकेल? … त्याच्या जळक्या रबराच्या वासावरून तू त्याला काय काय बोललीस ते नको सांगूस, मला अख्ख्या वस्तीनं ऐकवलंय. … हो, अण्णांचा खोकला वाढला होता, मान्य. पण नंतर वास बंद झाला ना? तूच म्हणालीस. … मग झालं तर. सुधारला बिचारा. टेम्पोवाल्याच्या बायकोला पाठव, तिचं ऐकतो तो."

"… आला जॅक? आता नीट ऐक. फरशीवर नुसता ठेवायचा नाही, फरशी फुटेल. खाली जाड लाकूड घाल. … अण्णांचा रंध्याचा पाट आहे ना, तो घाल. … त्याच्यावर जॅक, जॅकवर वासा उभा. वाशाचं वरचं टोक तुळईला लागलं पाहिजे, भिंतीपासून वीतभर आत. … आखूड पडतोय की लांब? … लांब, चांगलं आहे, कापा. … करवत दारामागे. … टेम्पोवाल्याला कापू दे, तू अण्णांजवळ बस. … काय म्हणतायत? … माझ्याशी? … लाव त्यांच्या कानाला."

थोरलीने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. खाली आवारात कुणीतरी रिकाम्या रिळांची पोती ट्रकमध्ये टाकत होते.

"अण्णा. … हो, मीच. … बोलू नका जास्त. … हो, जॅकखाली लाकूड घातलंय. … तुमचा पाट. … आता एक दिवस त्याच्यावर रंधा नाही मारला तर काय बिघडतंय. … हो. आधी टेकू, मग पाचर. … अरुंद बाजूनं ठोकायची, माहीत आहे मला. … अण्णा, तुम्ही स्टुलावर कशाला चढलात? टेम्पोवाल्याला नाही का सांगायचं? … …"

 कारखान्यातली नोकरी या महिनाअखेर संपणार, हे तिने घरी कळवले होते. नवरा कधीचाच नव्हता. काही दिवस येऊन राहीन म्हणते, इतकेच ती बोलली होती, तेही हसत हसत.

"… माझ्यासाठी? वेगळी खोली? … मी काय पाहुणी आहे? मी निजले असते की चिमीजवळ. … अण्णा, दाराचं नंतर ठरवू. … डावं उजवं काहीही… बरं. बरं, डावीकडं ठेवा. … हो, पडदा नको, दारच. … कडी आतून. … हो, अण्णा. … द्या तिच्याकडे."

"… चिमे, ते दमतायत, त्यांना बोलू देऊ नकोस. विचारलं काही तर मान हलव. ऑक्सिजन लावलाय ना? … पुरेल का, विचार. … ते जे मोठे आहेत अॅम्ब्युलन्सवाले, त्यांना विचार. … किती? … मग आता कामाला लागा. वासा बसला? … जॅक फिरवा, सावकाश. तुळई कुरकुरेल, कुरकुरू दे. वरून धूळ पडेपर्यंत फिरवायचा आणि थांबायचं. … पडली? अण्णांच्या तोंडावर कापड धर. … थांबा आता. बास."

तिच्या पाठीमागे सुपरवायझर येऊन उभा होता. तिच्याकडे एक नजर टाकून तो परत गेला आणि तिच्या टेबलाच्या शेजारचे मशीन त्याने बंद करायला लावले. आवाज कमी झाला तसे तिला पलीकडचे अधिक ऐकू येऊ लागले, आणि ते तिला नको होते. कोणाचा तरी श्वास फोनच्या अगदी जवळ होता. घेताना कमी, सोडताना जास्त.

"पाचर. उजवीकडची आधी. लाकडी ठोकणीनं ठोक, लोखंडी नको, तोंड फुटलं की बसलीच मग आत. … हलत नाही? तेल सोड. मशीनचं तेल. … थोडं थांब. … आता अरुंद बाजूनं. … पुन्हा. … तू मार, त्यांना अंदाज नाही येणार. तू सुताराची मुलगी आहेस ना? मग मार. … निघाली? … शाबास गं माझी बाई. आता डावीकडची. … निघाली. … माळा कसा आहे? … जागचा हलला नाही. मी सांगितलं होतं त्याला. … आता तुकडा वर उचलायचा, खाचेतून बोटभर, आणि खालचं टोक आपल्याकडे ओढायचं. दोघं धरा. … हळू. … निघाला? … निघाला. … ठेवा बाजूला. आता पलीकडे त्याचं दुकान दिसेल, टायर असतील, ते… काय?"

"… काय दिसतं म्हणालीस?"

"… वीट? कसली वीट? एखादी ठेवलेली असेल, सरकव. … भिंत? … अगं, भिंत कशी असेल, भिंत तर आत्ता आपण काढली. … विटांची. … अख्खी? खालपासून वरपर्यंत? … सिमेंट लावून. …"

थोरलीला पहिल्यांदा वाटले की धाकटीचे डोके फिरले. मग एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसू लागली. अण्णांचा खोकला, चिमीचे भांडण, आणि त्यानंतर काही दिवसांत एकदम थांबलेला तो वास. पंक्चरवाल्याने फुटके रबर जाळायचे सोडले नव्हते. लाकडाच्या फटींतून वास पलीकडे जातो म्हणून त्याने आपल्या बाजूने भिंतीला लागून दुसरी भिंत उभारली होती. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून. आणि बोलणे बंद असल्यामुळे सांगितले नव्हते. त्याने सांगितले असते तर अण्णांनी ती भिंत बांधू दिली नसती. आणि चिमीने कधी त्याच्या दुकानात डोकावून पाहिले असते, तर तिलाही ती दिसली असती.

"चिमे, रडू नकोस. ऐक. … कुणी दुष्टपणानं केलेलं नाही हे. … मला माहीत आहे कशासाठी बांधली ते. तुलाही माहीत आहे. … आता ते नको. … आलाय का तो? … शटरचा आवाज येतोय. त्याला फोन पोचतो का बघ. … बाहेरून? टेम्पोवाल्याची बायको त्याच्याजवळ उभी आहे? तिला मला फोन लावायला सांग. नको, तुझाच नेऊन दे… नको, तू हलू नकोस. ओरडून सांग. … विटांतून ऐकू येतंय का त्याला? … येतंय. मग मी सांगते तसं ओरड."

"म्हणावं, घण आहे का? … आहे. म्हणावं, वरून सुरू करायचं. खालून फोडली तर सगळी आमच्या अंगावर येईल. वरची ओळ आधी, ती त्याच्या बाजूला ओढायची, मग पुढची. … काय म्हणतो? … माफी नंतर मागेल. म्हणावं, माफी ठेव आणि घण घे. … तुम्ही अण्णांना दाराकडे सरकवा, फळीसकट. वर ते पार्टिशन आडवं धरा, विटांचे तुकडे उडतील. … सुरू झालं?"

झाले होते. ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. जड, बोथट, एकाच लयीत येणारे ठोके. तिने नकळत त्या ठोक्यांबरोबर श्वास धरायला आणि सोडायला सुरुवात केली. नवे सिमेंट, एका विटेच्या जाडीची भिंत. फार वेळ टिकायची नाही. पंक्चरवाला हाडापेराने दांडगा होता. ती मनातल्या मनात पुढचा मार्ग आखू लागली. भिंत, दुकान, शटर, गल्ली, गाडी. मग सरळ रस्ता.

"किती निघाली? … एक ओळ. … दुसरी सुटेल लवकर, पहिलीलाच वेळ लागतो. … श्वास? … अगं, मी श्वासाचं विचारतेय. … का गं, कोण बोलतंय तिकडं? … सरका म्हणतायत? कुणाला? … तुला. … मग सरक. त्यांना करू दे काय ते. … काय करतायत? … छातीवर. … दोन्ही हातांनी. … हो, तसंच करतात. तसंच असतं ते. तू बघू नकोस. भिंतीकडे बघ. … किती ओळी झाल्या? … मला सांग, किती ओळी निघाल्या. … तीन. … चांगलं आहे. …"

"… अजून करतायत? …"

"… चिमे. …"

"… काय म्हणाले ते? … नाही, त्यांचे शब्द सांग. जसेच्या तसे. …"

खाली आवारात ट्रक सुरू झाला आणि फाटकातून निघून गेला. थोरलीने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवले. गज गार होता. पलीकडे धाकटी आता रडतही नव्हती, आणि तिच्या त्या शांततेतून ठोके मात्र तसेच येत होते, एकामागून एक, मघापेक्षा जोरात.

"… ऐकतेस ना? … मी आहे. फोनवरच आहे. … डोळे मिटलेत का त्यांचे? … मिट. … पायांवर चादर घाल. … हो. …"

"… काय? … थांबवू? … नको. … नको, थांबवू नकोस त्याला. … अगं, अण्णांना बाहेर तर न्यायचंच आहे ना. … नाही, खुर्चीवर नाही, बोळातून नाही. वाकवून, दुमडून माझ्या बापाला कुणी नेणार नाही. आडवेच जातील. … म्हणून म्हणते, फोडू दे. … आणि तो वासा काढू देऊ नकोस कुणाला. अण्णांना नेलं की तुकडा परत बसवा, पाचरी ठोका, मग जॅक सोडा. टेम्पोवाल्याची पोरं बोळात उभी आहेत. …"

"… तो विचारतोय? काय? … अण्णा कसे आहेत म्हणून. …"

"… सांगू नकोस. … इतक्यात नको. हात थांबेल त्याचा. … म्हणावं, आणतोय अण्णांना, दादा, तू मार. … म्हण तसं. … मी ऐकतेय. … म्हण."

धाकटीने तसे म्हटले. पलीकडून घण आणखी जोरात पडू लागला. थोरलीने फोन ठेवला नाही, आणि तिकडच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत तो आवाज तिच्या कानात येत राहिला.